उंबरठा नसलेलं घर

कडुनिंबाला मोहर आला की मला दारं बघायची सवय लागते. कुणाच्याही घरी गेलो तरी नजर आधी खाली जाते, चौकटीच्या तळाशी. आता बहुतेक घरांत काळ्या दगडाची एक पट्टी असते, बोटभर उंचीची. राहणाऱ्यांना ती असल्याचं ठाऊकही नसतं. मला ती दिसली की हायसं वाटतं.

मुलानं सुरतेत फ्लॅट घेतला, बँकेच्या कर्जावर. दाखवायला मला हात धरून नेलं, तेव्हाही मी त्या पट्टीपाशी थबकलो. "बाबा, या की आत," तो म्हणाला. तो जन्मला सुरतेत, पण हा ‘की’ माझ्याकडून त्याच्या जिभेवर गेलाय आणि माझ्या जिभेवर सोलापुरातून आलाय. मी विचारलं, कर्ज फिटायच्या आधीच उंबरठा बसवला? त्याला प्रश्नच कळला नाही. बिल्डरनं बसवलाय, म्हणाला. कर्जाचा विषय निघाला की मी त्याला सांगत असतो, हप्त्यावर थोडं थोडं जादा भरत जा. तो हसतो. "सगळ्यांचंच असतं बाबा. तुम्ही कशाला जीव टांगणीला लावता?" सून चहा आणते, विषय बदलतो. मी मात्र पट्टीकडं बघत बसतो. खिडकीच्या कठड्यावर कडुनिंबाची बारीक पांढरी फुलं पडलेली असतात, आणि त्या वासाबरोबर भर दुपार येते, सोलापूरची.

मी मूळचा वैनगंगेच्या काठचा. आमच्याकडं भात, तळी, चिखल. सातवीनंतर शाळा सुटली, कारण बापाचा हातमाग बसला; आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं मी सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार म्हणून आलो. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण तिथल्या मातीनं ते अजून मनावर घेतलं नव्हतं. रेल्वेतून उतरलो तो अंगात दोन दिवसांचा कोळसा. विचारत विचारत मल्लप्पाकाकांच्या दारात उभा राहिलो. काका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि घरात भाड्यानं एक माणूस ठेवून घेतील असं कळलं होतं. आतून बाईमाणसाचा आवाज आला, ये. मी सवयीनं पाय उचलला, उंबरठा ओलांडायला. खाली काहीच नव्हतं. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा मी त्या घरात शिरलो, म्हणजे जवळजवळ पडलोच.

"सगळे तसंच पडत्यात," ती बाई म्हणाली. "बस. पानी पी."

ती अव्वा. काकांची बायको. कानडीत आईला अव्वा म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नाही. सगळी गल्ली म्हणत होती म्हणून मीही म्हणू लागलो. तिचं मराठी कानडीत भिजलेलं, माझं वैनगंगेकडचं. मी ‘काऊन’ म्हटलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. काका मला भातखाऊ म्हणत. ज्वारीच्या मुलखात भात मागणारा म्हणजे त्यांच्या लेखी आजारीच.

उंबरठा का नाही, हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. सांगितलं शेजारच्या रंगम्मानं. ती तेलुगू, दारात बसून विड्या वळायची आणि गल्लीतलं सगळं तिच्या सुपात असायचं. काकांनी घर बांधलं ते कामगारांच्या सोसायटीकडून कर्ज काढून. घर सोसायटीकडं गहाण, हप्ता पगारातून कापून जायचा, आणि तो काका निवृत्त झाल्यावरही कितीतरी वर्षं चालणार होता. काका मानी. चौकट बसवताना सुताराला म्हणाले, तीनच बाजू बसव. घर सोसायटीचं, तिच्या उंबऱ्याला आमी हळद लावायची काय? सिद्धेश्वराच्या तळ्याकडं तोंड करून त्यांनी शब्द दिला, घर सुटेल त्या दिवशी उंबरा बसवीन. सागाचं लाकूड तेव्हाच कापून, गिरणीच्या जुन्या कापडात गुंडाळून ठेवलं. मी ज्या बाजेवर झोपायचो तिच्याखालीच ते होतं. काही दिवस मला ते मूल गुंडाळून ठेवल्यासारखं दिसायचं. मग सवय झाली, म्हणजे तिकडं न बघण्याची.

ती बाज शिवानंदची. काका-अव्वाचा एकुलता मुलगा. मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो घर सोडून गेला. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. तोही गिरणीत होता, पगार बापाच्या हाती देत होता. एका दुपारी जेवताना त्यानं विचारलं, आपलं घर आपलं कधी होणार? काकांनी सांगितलं. तो हसला, म्हणाला, म्हंजे मी तुमच्याएवढा झालो की. तांब्याभर पाणी प्यायला आणि बाहेर पडला. अव्वाचे हात पिठात होते. तिनं नेहमीसारखं आतूनच म्हटलं, "होगि बा." म्हणजे जाऊन ये. त्या घरातून कुणी दळणाला निघालं तरी ती हे म्हणायची, आणि म्हणे पार रंगम्माच्या दारापर्यंत ऐकू यायचं. शिवानंद गेला तो आला नाही. मुंबईला बघितला असं कुणी म्हणायचं, कुणी हैदराबादेला. अव्वानं त्यानंतर तो शब्द टाकून दिला. मी कामाला निघालो, काका निघाले, की ती चुलीकडं तोंड करायची आणि काही बोलायची नाही.

तिचं म्हणणं एकच होतं, आणि ते तिनं मला माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, भाकरी थापता थापता, जणू मीठ कमी पडल्याचं सांगतेय.

"उंबरा असता तर पाय अडला असता. पाय अडला की मानूस मागं बघतोय."

ती काकांना म्हणायची, आता तरी बसवा. काका म्हणायचे, देवाला दिलेला शब्द हाय. ती म्हणायची, पोरगं गेलं. ते म्हणायचे, उंबऱ्यानं गेलं काय? मग दोघंही गप्प. त्या घरात भांडणाचा आवाज कधी झाला नाही, पण गप्प राहण्याचा मात्र होई, माग बंद पडल्यावर गिरणीत होतो तसा.

मग एका संध्याकाळी काका सोसायटीच्या कचेरीतून आले आणि तिथल्या कारकुनाची गंमत सांगू लागले. म्हणे हप्त्यावर जादा पैसे भरले तर घेतात. थेट मुद्दलात जातात. म्हणे भरता येतं, पण भरतंय कोण? काका हसत होते. अव्वाचा हात भाकरीवर थांबला.

"मुद्दलात म्हंजे?"

"म्हंजे वर्षं कमी होत्यात."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पण मला वाटतं तिचा हिशोब तिथंच झाला. नवरा शब्द मोडणार नाही, तर मग तो शब्दच लवकर आणायचा. उंबरठा अलीकडं सरकत नसेल तर मधली वर्षं ओढून काढायची.

काटकसर म्हटली की लोकांना वाटतं उपाशी राहणं. तसं नव्हतं. अव्वानं आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही. ती घर आवळत गेली, एवढंच. पुढच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत तिनं एक वीट काढायला लावली आणि त्या भोकात दिवा बसवला. एका दिव्यात दोन खोल्या. त्यामुळं दोन्हीकडं अर्धाच उजेड पडायचा आणि माणूस बोलायचं थांबलं की भिंतीवर दुसऱ्या खोलीतल्याची सावली दिसायची. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदाच चूल मोठी पेटायची. कडक भाकरी. पातळ, पापडासारखी, उन्हात वाळवून उतरंडीला लावलेली, महिना ठेवा तरी बिघडत नाही. आधी घरापुरती, मग गिरणीतले लोक मागू लागले, मग मालट्रकवाले. ते पैसे मुद्दलात. कडुनिंबाखालच्या लिंबोळ्या वेचून तेलाच्या घाण्यावर, ते पैसे मुद्दलात. चहात दूध पाहुणा आला तरच. काकांनी तंबाखू सोडली, म्हणजे अव्वानं ती आणायची सोडली. माझं खोलीचं भाडं मुद्दलात. मला कधी दुसरी पाळी जादा मिळाली तर त्यातलं अर्धं मी तिच्या हातावर ठेवायचो. तिनं कधी मागितलं नाही. मला तेवढं केल्याशिवाय तिथं जेवताना घास नीट उतरायचा नाही, म्हणून.

कारण मी त्याच्या ताटात जेवत होतो. बाज त्याची, ताट त्याचं, खुंटी त्याची. घाईत अव्वा कधी कधी मला शिवा म्हणून हाक मारायची आणि मी ओ द्यायचो. दुरुस्त करावं असं वाटायचं नाही, आणि आपण ओ देतोय याची भीतीही वाटायची. उंबरठा बसला की शिवा येणार, अशी अव्वाची खात्री. आणि ती खात्री एवढी होती की हळूहळू मलाही झाली. मग तो आला तर मी कुठं? अर्ध्या उजेडात पडल्या पडल्या हेच. बाजेखाली ते लाकूड. त्याच्यासाठी मीच पैसे घालतोय, आणि ते बसलं की मीच उठणार. तरी घालत होतो. दुसरं काय करणार? त्या माउलीनं मला पोटाशी धरलं होतं.

दुपार मात्र मला सोसायची नाही. रात्रपाळी झाली की दिवसा झोपायचं, पण सोलापुरात वैशाखातली दुपार झोपू देत नाही. पत्रा तडतडतो. कडुनिंब सोडला तर कशालाच सावली नसते. गल्ली इतकी पांढरी की डोळे मिटले तरी दिसते. दार उघडंच, कारण वारा पाहिजे. आणि मग ती यायची. वावटळ. गल्लीच्या टोकाला उभी राहायची, माणसाएवढी, मातकट रंगाची, गिरक्या घेत. इतर घरांच्या उंबऱ्यांना अडून मोडायची. आमच्या दारात मोडायला काही नव्हतं. ती सरळ आत यायची. खोलीत एक फेरा घ्यायची, माझ्या बाजेपाशी पालापाचोळा टाकायची, खुंटीवरचा सदरा हलवायची आणि आली तशी बाहेर. पहिल्यांदा मी ओरडलोच. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "बघून गेला."

कोण, हे मी विचारलं नाही. पुढं पुढं ती त्या वेळेला दारासमोरचं सामान बाजूला करून ठेवायची. वाट मोकळी. आणि पाण्याचा तांब्या.

रंगम्माला हे सगळं पसंत नव्हतं. तिची शेळी दिवसातून एकदा आमच्या घरात येऊन काहीतरी खाऊन जायची, त्याबद्दल काका चिडले की ती म्हणायची, आधी घराला दार पुरं करा, मग माझ्या शेळीला बोला. काका म्हणायचे, तुझ्या शेळीचं खाणं बी मुद्दलातच धर. तेवढंच हसणं.

मला माझ्या गावी जायचं असायचं. आई होती. दर उन्हाळ्यात बदलीवाल्यांना काम कमी असे, तेव्हा मी विषय काढायचो. अव्वा प्रत्येक वेळी तेच सांगायची. जाण्यायेण्याचं भाडं म्हंजे केवढे पैसे, तेवढे मुद्दलात जातील, घर सुटलं की जा. मला पटायचं. काटकसरीच्या घरात राहणाऱ्याला असल्या गोष्टी लगेच पटतात. मी आईला मनीऑर्डर करायचो आणि पुढचा उन्हाळा धरायचो. असे तीन-चार उन्हाळे गेले. मधे आणीबाणी येऊन गेली, गिरणीत पाट्या लागल्या आणि निघाल्या. आमच्या घरात फक्त मुद्दल कमी होत होतं. काकांच्या गालांतलं मांस कमी झालं, अव्वाच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या. मुद्दल कुठून तरीच कमी होणार ना.

आणि मग तो शेवटचा उन्हाळा. कडुनिंब फुलून गेला होता. काका सोसायटीत गेले ते उन्हं डोक्यावर असताना परत आले. दाराशी थांबले. टोपी काढली, घाम पुसला, आत आले आणि नुसतेच बसले.

"झालं?" अव्वानं विचारलं.

"झालं. मुदतीच्या लई आधी. त्यो कारकून म्हनला, असं आमच्याकडं कुनी केलं न्हाय."

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, सुताराला बोलवा. काका म्हणाले, चांगला दिवस बघू. ती म्हणाली, आजच.

सुतार आला. मी बाजेखालून लाकूड काढलं, कापड सोडलं. आतून साग तसाच पिवळा, वासही तसाच. पण चौकटीत बसेना. इतक्या वर्षांत घर एका बाजूला खचलं होतं, आणि अव्वाच्या रोजच्या सारवणानं जमीन वर आली होती. घर मिळेपर्यंत घराचं माप बदललं होतं. सुतार म्हणाला, करवतीनं घ्यावं लागंल. काकांनी मान फिरवली. तो कापत होता तेव्हा त्यांनी एकदाही तिकडं बघितलं नाही. जो तुकडा पडला तो अव्वानं उचलला आणि चुलीत घातला. तेवढ्यावर त्या दिवशीचा चहा झाला. दुधाचा. मग हळद, कुंकू, नारळ. रंगम्मा आली, तिनं शेळी बांधून ठेवली होती. काकांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अव्वा दारासमोर बसली. मीही. ती वाट बघत होती, आणि मीही बघत होतो, पण माझी वाट तिच्यापेक्षा वेगळी होती. मी माझी पिशवी भरून ठेवली होती. बाजेवरची वाकळ घडी करून ठेवायचो, कुणी यायच्या आत. गल्लीत चपलेचा आवाज झाला की आम्ही दोघंही मान वर करायचो.

मग एका दुपारी ती आली. गल्लीच्या टोकाला उभी राहिली, माणसाएवढी. गिरक्या घेत पुढं आली. अव्वानं तांब्या बाजूला केला. ती दाराशी आली, त्या नव्या लाकडाला लागली आणि मोडली. बस. मूठभर माती, चार कडुनिंबाची पानं, एक चिंधी. उंबऱ्याच्या पलीकडं.

अव्वा त्या मातीकडं बघत राहिली. मग तिला जे रडू फुटलं ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं, ती मुलगा गेला तेव्हाही तशी रडली नव्हती असं रंगम्मा म्हणाली. काका धावत आले, काय झालं, काय झालं. ती एवढंच म्हणाली, "आता त्योबी यायचा न्हाय."

लोकांना सांगितलं तर हसतील, मुलगा तर हसतोच. वारा होता, बाबा. वारा होता हे मलाही कळतं. पण ती दुपार माझ्या अंगावरून गेलेली आहे. ज्याला यायला वाट मिळावी म्हणून आम्ही तिघांनी एवढी वर्षं पोट बांधलं, त्याच वाटेत आम्हीच काहीतरी आडवं टाकलं, असं तिला वाटलं आणि मलाही. घर सुटलं होतं आणि घरात येणारं काहीतरी थांबलं होतं. शिवानंद आलाच नाही. मी पुढं कितीतरी वर्षं त्याच घरात राहिलो. काका गेले, गिरणी बंद पडली, भोंगा थांबला. मी सुरतेला पोटामागं आलो. अव्वा गेली तेव्हा मी इथं होतो. रंगम्माच्या मुलानं नंतर सांगितलं, ती शेवटपर्यंत उन्हाळ्यात दार लावून घ्यायची नाही.

हे असं दर वर्षी येतं. मोहर आला की. मुलाला मी जादा भर म्हणतो तेव्हा मला नेमकं काय म्हणायचंय ते माझं मलाच कळत नाही. भर म्हणावं तर भीती वाटते, नको म्हणावं तरी वाटते.

पण एक सकाळही येते, आणि तिच्यासाठी मी बाकी सगळं सोसतो. त्या रडण्यानंतर काही दिवसांनी अव्वानं माझी भरलेली पिशवी बघितली. मी का भरलीय ते तिला कळलं असणार, तिला सगळं कळायचं. तिनं ती उघडली, वर कडक भाकरीची चवड ठेवली, फडक्यात शेंगाची चटणी, आणि पदराच्या गाठीतून काढून गाडीभाडं माझ्या हातावर ठेवलं, जाण्याचं आणि येण्याचं.

"आईकडं जाऊन ये," ती म्हणाली. "इतकी वर्षं सोडलं न्हाय तुला. भाड्यासाठी न्हाय रे. बिनउंबऱ्याचं घर. गेला असतास तर?"

मी पाया पडलो. पिशवी उचलून निघालो. मला उंबरठ्याची सवय राहिली नव्हती. दारात पाय त्या नव्या लाकडाला ठेचकाळला आणि मी चौकट धरून मागं वळून बघितलं.

अव्वा चुलीकडं तोंड करून नव्हती. माझ्याकडंच बघत उभी होती.

"होगि बा," ती म्हणाली. रंगम्माच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.